दहाव्याला बंद पडलेली गाडी

बाबांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. घाटावरच्या बाभळीवर कावळ्यांचा थवा बसला होता, पण एकही खाली येईना. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, सारखे म्हणत होते, "बोल काहीतरी. जीव अडकलाय त्यांचा कशात तरी." आईला सांभाळीन, शेत विकणार नाही, सगळं बोलून झालं. उन्हानं मला वैताग आला होता. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही निघालो.

येऊन बघतो तर बाबांची गाडी चालू होईना. सकाळी गारखेड्याहून हीच गाडी आम्हाला घेऊन आली होती. आता किल्ली फिरवली तरी साधा टक्क आवाज नाही. बॅटरी पार उतरली होती.

"जाऊ दे, नाहीतरी परवा गिऱ्हाईक येणारच आहे हिला न्यायला," मी चिडून बोललो.

काकांनी त्यांची गाडी समोर आणून लावली आणि दोन्ही बॅटऱ्या जोडायची वायर काढली. मी बॉनेट उघडून दिलं आणि सीटवर जाऊन बसलो. उघड्या बॉनेटमागं काका दिसत नव्हते. तिकडून आवाज तेवढा आला, "गाडी विकायलास व्हय रे?"

"नाय विकत!" मी खेकसलो आणि किल्ली फिरवली.

गाडी एका दमात चालू झाली. बाभळीवरचे सगळे कावळे पिंडावर उतरले.

वायर सोडवायला मी पुढं गेलो. काका इंजिनाकडं बघत नुसते उभे होते. वायरचे चारही चिमटे अजून त्यांच्या हातातच होते.