पाठीचं माप

आमच्या जिममध्ये प्राजक्ता बारबेल ओढायची, तेव्हा मी सायकल मारणं थांबवून तिच्याकडे बघत राहायचे. कमरेतून वाकलेली, पाठ सपाट, आणि खाली लोंबणारा तो वजनदार दांडा थेट पोटापर्यंत खेचलेला. पोरगी कुस्ती खेळायची. तिचे सर मागून सांगायचे, "कोपरं मागे ने. समोरची आपणहून जवळ येत नसते, तिला ओढून आणावी लागते."

एका संध्याकाळी तिची आई तिच्या लग्नासाठी शिवलेला ब्लाउज घेऊन तिथेच आली. म्हणाली, "शिंपी म्हणतो, पाठीत आणखी सोडायला शिवणीत कापडच उरलेलं नाही. आता बास कर बाई हे."

"मग नवा शिव ना," प्राजक्ता म्हणाली. लेकीने गंमत केल्यासारखी आई हसली.

कापड पुरत नाही म्हणून माणूसच कमी करायचं, हे मुलींच्याच बाबतीत कसं सुचतं कोण जाणे. मुलाचा शर्ट छातीत तटतटला, तर घरचे चारचौघांत कौतुकाने सांगत सुटतात.

लग्नात तोच ब्लाउज अगदी अंगासरसा बसला होता. बायका शिंप्याचं नाव विचारत होत्या. प्राजक्ता एकेका वडीलधाऱ्याच्या पाया पडत होती. कमरेतून वाकलेली, पाठ सपाट, हात खाली सोडलेले. वाकणं तेच होतं. हात तेवढे दर वेळी रिकामे वर येत होते.