तिसऱ्या घंटेला पडदा उघडतो

अहिल्या खानापूरकरशी वेळेवरून वाद घालू नये, हे शिकागोच्या आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. एका गणेशोत्सवात नाटकाची तिसरी घंटा झाली तेव्हा मंडळाचे अध्यक्ष डेव्हन ॲव्हेन्यूवर पार्किंग शोधत फिरत होते. ‘दोन मिनिटं थांब’ असा त्यांचा निरोप आला. अहिल्याने निरोप ऐकला आणि पडदा उघडला. अध्यक्षांनी पहिला अंक मागच्या भिंतीला टेकून उभ्याने पाहिला. पुढच्या वर्षीपासून ते सगळ्यांच्या आधी येऊन खुर्ची धरतात.

ती मूळची नागपूरची. कॉलेजात असल्यापासून राज्य नाट्य स्पर्धेत बॅकस्टेजला असायची. अभिनय तिला कधी करायचाच नव्हता. कुठला दिवा कधी लागायचा आणि पडदा कोणत्या शब्दावर पडायचा, यातच तिचा जीव. शैलेंद्रशी लग्न होऊन ती इकडे आली, तर व्हिसा असा की नोकरी करता येईना. घरात बसून रडणाऱ्यांतली ती नव्हे. जवळच्या शाळेच्या नाटकांना फुकट मदत करू लागली, आणि कामाची परवानगी हातात पडली त्याच महिन्यात डेव्हनजवळच्या एका हॉलमध्ये स्टेज मॅनेजर म्हणून चिकटली. तो हॉल आता तीच चालवते, असं म्हटलं तरी चालेल. मी तिची मदतनीस. माझं नाव शुभा, दिवसा मी एका इन्शुरन्स कंपनीत डोकं शिणवते आणि शनिवारी अहिल्याची बोलणी खात पडद्याची दोरी ओढते.

घंटा तिने डेव्हनवरच्या पूजेच्या दुकानातून आणली. देव्हाऱ्यातली नाजूक घंटी नव्हे, देवळात टांगतात तसली पितळी. हॉलच्या विंगेत ती टांगलेली असते. कार्यक्रम पंजाब्यांचा असो, पोलिश लोकांचा असो, अहिल्या तीन घंटा देतेच. पहिली झाली की लोकांनी चहा संपवायचा, दुसरी झाली की जागेवर बसायचं, तिसरीला पडदा उघडणार. मग पडद्याच्या पुढे कोण उभं आहे याची चौकशी होत नाही.

या हॉलमध्ये दर वर्षी एक आफ्रिकी पुरस्कार सोहळा होतो. त्याचं नाव लांबलचक आहे, आम्ही नुसतं ‘आफ्रिका अवॉर्ड्स’ म्हणतो. आफ्रिकेतून आलेले लोक इथे राहून जे नवं काही घडवतात, त्यांचा सत्कार. कोणी विजेशिवाय चालणारी शीतपेटी केलेली असते, कोणी खेड्यातल्या दवाखान्यांसाठी ॲप. एकेकाचं काम ऐकताना मी दोरी हातात धरून तोंड उघडं टाकून उभी असते. सोहळा देखणा, कपडे तर असे की आमच्या पैठण्या लाजतील. फक्त एक खोड आमच्या मंडळासारखीच. भाषणं आवरत नाहीत.

हॉल नऊला रिकामा करावा लागतो. केअरटेकर किल्ल्या वाजवत दारात येऊन उभा राहतो आणि त्याला कोणाचीही भीड नसते. त्यामुळे व्हायचं काय, तर मोठे पुरस्कार थाटात, प्रायोजकांची भाषणं त्याहून थाटात, आणि शेवटचा, वस्तीत काम करणाऱ्या माणसासाठी असलेला पुरस्कार वेळेअभावी बाहेर जेवणाच्या टेबलांशी. मागच्या वर्षी इथिओपियाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना तो तसाच मिळाला. एका हातात भाताची प्लेट, दुसऱ्या हातात मानचिन्ह. ते हसत होते. अहिल्याने ते पाहिलं. गाडीत बसल्यावर म्हणाली, “शुभा, माझ्या स्टेजवरचा माणूस परत असा लॉबीत जाणार नाही.”

या वर्षी शेवटचं नाव होतं आवा दिऊफ. सेनेगलची बाई, चाळिशीची, हॉलपासून दोन स्टॉप अलीकडे तिचं सलून. आफ्रिकी पद्धतीच्या बारीक वेण्या घालायला पाच-सहा तास लागतात. घालणारी तेवढा वेळ वाकून उभी, घालून घेणारीची मान अवघडलेली. आवाने यावर एक खुर्ची बनवली. सायकलच्या सीटखालचा दांडा, जुन्या गाडीचं हेडरेस्ट आणि पायाने दाबायचा पंप. खुर्ची वर होते, खाली होते, मागे कलते. समोरच्या डोक्यासाठी बाईने वाकायचं नाही, डोकंच बाईच्या हातापाशी येतं. आणि या बाईने पेटंटच्या भानगडीत न पडता खुर्चीची चित्रं इंटरनेटवर टाकून दिली. आता अटलांटापासून सेनेगलच्या डाकारपर्यंत लोक आपापल्या वेल्डरकडून तशी खुर्ची करून घेतात.

दुपारी ती खुर्ची घेऊन तालमीला आली. अहिल्याने कोण किती वेळ बोलणार हे विचारायला सुरुवात केली, तर आवा म्हणाली, “मला बोलायचं नाहीये. खुर्ची दाखवायची आहे. माझी आई आली आहे.”

मग कळलं ते असं. आवाची आई कुंबा हिने थिएस गावच्या बाजारात जन्मभर वेण्या घातल्या. बुटक्या स्टुलावर गिऱ्हाईक, ही वर वाकलेली. त्यात तिची पाठ कायमची वाकली. मुलीवर ही वेळ येऊ नये म्हणून तिने आवाला अकाउंटिंग शिकायला घातलं, आणि आवा अमेरिकेत येऊन वेण्याच घालायला लागली. आई महिनाभर लेकीकडे राहत होती, पण सलूनची पायरी तिने चढली नव्हती. सलूनचा विषय निघाला की खिडकीबाहेर बघायची. दोनच दिवसांनी तिचं परतीचं विमान होतं.

“तिने एकदा बघावं,” आवा म्हणाली. “आवडलं नाही तरी चालेल. पण बघावं.”

अहिल्या तडक समितीच्या अध्यक्षांकडे गेली. मिस्टर क्वाबेना घानाचे, निवृत्त प्राध्यापक, इतके सज्जन की त्यांना कोणाला ‘नाही’ म्हणताच येत नाही. “शेवटचं अवॉर्ड आधी घ्या,” अहिल्याने सांगितलं. ते हात चोळत म्हणाले की क्रम छापून झाला आहे, प्रायोजक नाराज होतील. “बरं. मग प्रायोजकाचं भाषण पडद्यापुढे होईल, आणि माझ्या तिसऱ्या घंटेला पडदा उघडेल. चालेल?” क्वाबेना आनंदाने म्हणाले, जरूर, जरूर. घंटेचं त्यांना कौतुकच वाटलं. आपण कशाला हो म्हटलं, याची त्यांना कल्पना नव्हती, आणि अहिल्यानेही ती दिली नाही.

संध्याकाळी सगळं छान चाललं होतं. मोठे पुरस्कार झाले, टाळ्या झाल्या, आम्ही पडदा पाडला आणि मागे खुर्ची मांडू लागलो. तेवढ्यात खुर्चीत बसून दाखवणारी आवाची मैत्रीण आली. तिची नर्सिंग होममधली ड्यूटी सुरू व्हायची होती, बदली मिळाली नव्हती, तिला बस पकडणं भाग होतं. ती बिचारी सॉरी म्हणत निघून गेली.

“असू दे,” आवा म्हणाली. “रिकामी खुर्ची दाखवते.”

“रिकाम्या खुर्चीला कोण टाळ्या वाजवतं?” अहिल्या म्हणाली, आणि विंगेतून खाली उतरून थेट पहिल्या रांगेत गेली. कुंबा तिथे निळ्या झग्यात, मांडीवर पर्स घेऊन बसली होती. तिला इंग्रजी येत नाही, अहिल्याला तिची वोलोफ भाषा येत नाही, फ्रेंच दोघींनाही बेताचंच. अहिल्याने सरळ मराठी काढली. “चला मावशी, उठा. तुमच्या लेकीचं काम अडलंय.” आणि हात पुढे केला. मराठी बोलताना अहिल्याचा आवाज असा असतो की परक्यालाही नाही म्हणवत नाही. कुंबा उठली. वाकलेली, पण तोऱ्यात चालत मागे आली आणि खुर्ची बघून थबकली. आवा हळूच काहीतरी बोलली. म्हातारी खुर्चीत बसली, पण टेकून नाही. ताठ मान आणि दोन्ही हात पर्सवर.

पडद्यापुढे मुख्य प्रायोजकांचे गृहस्थ बोलायला लागले होते. त्यांना पाच मिनिटं दिली होती. त्यांनी बालपणापासून सुरुवात केली. अहिल्याने पहिली घंटा दिली. गृहस्थ हसून म्हणाले, चर्चची आठवण झाली, आणि चर्चच्या आठवणी सांगू लागले. दुसरी घंटा दिली. त्यांनी खिशातून आणखी कागद काढले. बाहेरून त्यांच्या मसालेदार जोलोफ भाताचा वास यायला लागला, मागच्या रांगा चुळबुळू लागल्या. दारात केअरटेकर दिसला.

क्वाबेना घाईघाईने विंगेत आले. चेहरा पडलेला. “अहिल्या, वेळ संपली. आवाचं आपण बाहेर, जेवताना—”

मागे आवाने ते ऐकलं. खुर्चीचा दांडा पुसायला घेतलेलं फडकं तिने घडी घालून पिशवीत ठेवलं. मला एवढा राग आला की त्या भाषणवाल्याला दोरीने बांधावं असं वाटलं.

“नाही,” अहिल्या म्हणाली. “बाहेर काही होणार नाही. तुम्ही मानचिन्ह घेऊन इथेच उभे राहा.”

“पण ते बोलतायत.”

“बोलू देत. तुम्ही मला हो म्हणालात. शुभा, दोरी.”

तिने तिसरी घंटा दिली. अशी दिली की देवळात असती तर देव जागा झाला असता. मी दोरी ओढली, तिने पुढचा दिवा मंद केला आणि मागचे सगळे लावले. पडदा उघडला. गृहस्थ अर्ध्या वाक्यात, त्यांच्या मागे उजेडात एक खुर्ची, खुर्चीत ताठ बसलेली म्हातारी आणि शेजारी आवा. हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला. गृहस्थांना वाटलं टाळ्या आपल्यालाच, म्हणून त्यांनी छातीवर हात ठेवून दोनदा मान झुकवली. मग मागे वळून पाहिलं आणि कागद गोळा करत खाली उतरले. त्यांनी नंतर हॉलच्या मालकांना लांबलचक तक्रार पाठवली. अहिल्याने एका ओळीत उत्तर दिलं, की तुम्ही पुढच्या वर्षी जरूर या, घंटा तीच आहे.

लोक खाली बसल्यावर क्वाबेनांनी आवाच्या कामाबद्दल चार वाक्यं वाचली. आवाने पंप दाबला, खुर्ची वर आली. कळ ओढली, ती मागे कलली. कुंबाचं डोकं आपोआप हेडरेस्टवर गेलं. मला विंगेतून तिचा चेहरा दिसत होता. तिने डोळे मिटले. मग एकदम उघडले, उठून बसली आणि खाली उतरली. मला वाटलं, झालं, चालली ही.

ती खुर्चीच्या मागे गेली. वेण्या घालणारी उभी राहते त्या जागी उभी राहिली, दांड्यावरून हात फिरवला, पायाने पंप चाचपला. मग आवाच्या खांद्याला धरून तिला खुर्चीत बसवलं. खुर्ची खाली घेतली, आणखी थोडी, आणि लेकीचं डोकं तिच्या हातांपाशी येऊन थांबलं. म्हातारीची पाठ जेवढी वाकलेली होती तेवढीच राहिली. त्याहून जास्त वाकावं लागलं नाही. ते तिच्या लक्षात आलेलं मला दिसलं. हा मापाचा हिशेब कोणाच्या पाठीवरून केला होता, हेही दिसलं असणार.

तिने आवाच्या डोक्याचा रुमाल सोडला, बोटाने भांग पाडला आणि वेणी घालायला घेतली. वोलोफमध्ये काहीतरी पुटपुटली. आवाने ओठ घट्ट मिटले, पण डोळे काही ऐकेनात. क्वाबेना मानचिन्ह छातीशी धरून बाजूला उभे होते. कोणी टाळी वाजवेना, कोणी उठेना.

दारात किल्ल्या वाजल्या. नऊ केव्हाच होऊन गेले होते. मी अहिल्याकडे पाहिलं. घंटेची दोरी तिच्या मुठीत होती आणि तिचे डोळे गच्च भरले होते.

“पडदा पाडू?” मी विचारलं.

“गप उभी राहा,” ती म्हणाली. “वेणी पुरी होऊ दे.”