जीपखालचं भगुलं

गंजलेल्या बोल्टवर रॉकेल सोडलं की घाई करून चालत नाही. बिडी पेटवायची, जीपच्या सावलीत बसायचं आणि रॉकेल आत झिरपेपर्यंत गप्पा मारायच्या. आमच्या ब्लॉक ऑफिसातले निम्मे किस्से अशा बोल्टांपायी जमलेत. बोल्ट सैल झाला की किस्सा अर्धा सोडून उठायचं आणि पुढच्या बिघाडाला तिथूनच पुढं चालू! बिघाडाची आमच्याकडं कधी टंचाई नव्हती.

हैदराबाद राज्यातून आम्ही मुंबई राज्यात आलो, त्यानंतरची ही वर्षं. मी शेती खात्याचा माणूस. कळंब तालुक्यात गावोगाव बियाणं आणि कंपोस्ट खताबद्दल सांगत फिरायचो. जीप लढाईतून उरलेली. चारही चाकं ओढायची, त्यामुळं काळ्या रानातल्या चिखलातही अडायची नाही. ड्रायव्हर रशीदभाई. पूर्वी ते एका जहागीरदाराची मोटार चालवायचे. जहागीर गेली, मोटार गेली, मग ते सरकारात आले, तेही टेंपररी.

जीपला दुखणं एकच. इंजिनाची ताकद चाकांकडं नेणारा लांब शाफ्ट मागच्या ॲक्सलच्या गोळ्यात शिरतो, तिथलं तेल अडवणारं कडं, म्हणजे ऑइल सील, गेलेलं. जीप उभी राहिली की खाली थेंब, थेंब, थेंब!

* * *

ही गळती पहिल्यांदा कामाला लावली ज्ञानूतात्यांनी. येरमाळ्याच्या पलीकडं त्यांचं गाव. तात्या पांढऱ्या मिशांचे, गावात शब्दाला मान असलेले शेतकरी.

आमच्या बीडीओ साहेबांना भाषणाची भारी हौस. सभा सुरू झाली की तात्या गुपचूप एक जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, भगुलं जीपखाली सरकवायचे. भाषण संपेपर्यंत भगुल्याच्या तळाला चांगलं घट्ट तेल साचायचं. ते बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून चालायचं. आज तात्यांची गाडी, पुढच्या सभेला शेजाऱ्याची. पाळीच लावली होती पठ्ठ्यांनी!

साहेब भाषण आवरतं घेऊ लागले की मागून कुणीतरी उठायचं. "साहेब, त्या खताच्या खड्ड्याचं पुन्यांदा सांगा की!"

परतताना साहेब मला म्हणायचे, "लोकांत जागृती येतेय हो!"

रशीदभाई गंभीर चेहऱ्यानं गिअर बदलायचे.

* * *

साहेबांना गळतीचा पत्ता लागला तो तुळजापुरात. सासूबाईंना दर्शनाला नेलं होतं. जीप सरकारी, सासूबाई घरच्या. पण तो विषय सोडा.

जीप उभी राहिली ती नेमकी पुजाऱ्यांच्या दारात, ताज्या सडा-रांगोळीवर. रशीदभाईंनी खाली वाकून पाहिलं. रांगोळीच्या मोरावर तेल! सीटखाली त्यांनी चुलीतल्या राखेची पिशवी ठेवलेली असायची, डाग झाकायला. ते भराभर राख टाकू लागले.

तेवढ्यात पुजारीणबाई बाहेर आल्या. परका माणूस दारात राख टाकतोय म्हटल्यावर त्यांनी गल्ली गोळा केली. रशीदभाईंनी हात जोडले.

"वयनी, भानामती न्हाय वो, गळती हाय!"

बाईंना हसू फुटलं. त्यांनी चहा पाजला आणि राख स्वतः झाडली. साहेब मात्र सासूबाईंसमोर असे लाजले की महिनाभर जीपमध्ये गप्प बसून होते.

* * *

पुढं निरोप आला, वरचे मोठे साहेब जुन्या गाड्या पाहायला येणार. गळक्या गाड्या लिलावात काढायच्या. रशीदभाईंची नेमणूक त्या जीपवरच होती. जीप गेली की नेमणूक गेली!

त्या दिवशी रशीदभाईंनी डबा उघडलाच नाही. मी म्हटलं, "अहो, मिळेल दुसरं काहीतरी."

"या वयात?" ते म्हणाले. "घरात खानारी तोंडं हायत. आन् दुसरं म्हंजी काय, टांगा?"

मला फार वाईट वाटलं. माझं धीर देणं असं नेहमी पोकळ निघतं. दोघं मिळून आम्ही जीप येरमाळ्याला महादू मिस्त्रींकडं नेली.

महादू मिस्त्रींची पद्धत अशी, की कामाआधी येडेश्वरीच्या नावानं नारळ फोडायचा. रशीदभाई दर्ग्यावर साखर ठेवून आले होते. म्हणाले, "दोनीकडं सांगून ठिवलंय. आता कुनी न्हाय म्हनायचं न्हाय."

रॉकेल सोडलं, गप्पा झाल्या, बोल्ट निघाले, शाफ्ट उतरला. मिस्त्रींनी जुनं सील उचकटून सोलापूरहून आणलेलं नवं ठोकून बसवलं. जीप चालू केली. थांबवली. पुन्हा थेंब, आणि पहिल्यापेक्षा मोठा!

मिस्त्रींनी सीलचं तोंड बाहेर केलं होतं. म्हणाले, "तेल भायेर निघतंय, मग भायेरच अडवाय नगं?"

रशीदभाईंनी कपाळावर हात मारला. "मिस्त्री, चोर घरात हाय आन् तुमी राखनदार गल्लीकडं तोंड करून बसवला!"

मिस्त्री इतके खजील झाले की नारळाचा प्रसादही त्यांनी खाल्ला नाही.

* * *

उलटं बसलेलं सील काढताना फाटलं. सोलापुरात दुसरं मिळेना. मिस्त्री म्हणाले, "जुनी सिलं चामड्याचीच असत्यात. पर कापनारा हात पायजे." असा हात उमरग्याला होता, किसनरावांचा. आयुष्यभर त्यांनी विहिरीच्या मोटा शिवल्या होत्या. एका ट्रकवाल्यानं आम्हाला तिकडं नेलं.

किसनरावांना जीपशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना राग होता तो पाणी उपसणाऱ्या इंजिनांचा. "समदे इंजान घ्याय लागले, मोटंला कोन इचारतंय? आन् आता इंजानच माज्या दारात आलं व्हय?" असं म्हणून त्यांनी आम्हाला बसवलं आणि सगळा राग काढून झाल्यावर म्हशीचं जाड कातडं पुढं ओढलं.

फाटक्या सीलच्या पत्र्याच्या कड्यात त्यांनी चामड्याची गोल चकती बसवली. मग ती एरंडेलात भिजत घातली. मी आपला विचारून गेलो, "टिकेल ना?"

"मोट पान्यात सडती. हे तेलात ऱ्हानार," किसनराव म्हणाले. "तुमी सडाल, पर हे सडायचं न्हाय!"

परत येताना रशीदभाईंनी ते सील रुमालात बांधून मांडीवर धरलं होतं. ट्रकवाल्यानं प्रसाद समजून हात पुढं केला.

* * *

सील सगळीकडून सारखं आत गेलं पाहिजे, नाहीतर पुन्हा गळणार. त्याच्या काठावर बरोबर बसेल असं ठोकायला काहीच सापडेना. शेवटी मिस्त्रींनी घरातून ज्वारी मापायचं चिपटं आणलं. नेमकं बसलं! या वेळी तोंड आतल्या बाजूला आहे हे तिघांनी तीनदा पाहिलं आणि हळूहळू ठोकलं. सील बसलं, पण चिपट्याचा काठ आत वळला.

मिस्त्रींच्या मंडळींनी चिपटं उन्हात धरून पाहिलं. "आता जवारी कमी मावनार. सायबाला सांगा, तुमच्या जीपनं आमची एक भाकर खाल्ली!"

रशीदभाई म्हणाले, "भाभी, माजी वाचली तर अर्धी तुमाला आनून देतो."

* * *

मोठे साहेब आले आणि पाहणी ठरली नेमकी ज्ञानूतात्यांच्या गावात. दुरुस्तीनंतर जीप तिथं पहिल्यांदाच चालली होती. वाटेत रशीदभाई एकदाही खाली वाकले नाहीत. म्हणाले, "बघितलं की नजर लागती."

पारासमोर जीप उभी केली. आमच्या साहेबांनी मोठ्या साहेबांच्या मानार्थ नेहमीपेक्षा लांब भाषण केलं. मागून खड्ड्याचा प्रश्नही आला. सभा संपल्यावर मोठे साहेब थेट जीपकडं गेले, वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले.

"हे भांडं कशाला ठेवलंय?"

मी पाहिलं तर जीपखाली जर्मनचं भगुलं! तात्यांनी सवयीनं सरकवलेलं. आमच्या साहेबांचा चेहरा उतरला.

तात्या मात्र हौसेनं पुढं आले. "वंगनाला वो, सायेब! ही जीप आली की गावच्या समद्या गाड्यांचं भागतंय. लई गुनाची गाडी हाय!"

संपलं, असं मला वाटलं. रशीदभाईंकडं बघवेना.

मोठ्या साहेबांनी भगुलं बाहेर ओढलं. आतून बोट फिरवलं. बोटाला नुसता फुफाटा. दुसऱ्यांदा फिरवलं. मग माझ्याकडं पाहून विचारलं, "सभा किती वेळ चालली?"

"दोन तास तरी, साहेब," मी म्हटलं. "ऐकलंत ना आपण."

"ऐकलं," ते कपाळ चोळत म्हणाले. भगुलं त्यांनी तात्यांच्या हातात दिलं. "ही गाडी राहू द्या."

रशीदभाई पाराच्या पायरीवर बसले आणि रुमालानं डोळे पुसू लागले. तात्यांनी भगुल्यात पाहिलं. उलटं करून पाहिलं. मग रशीदभाईंच्या जवळ जाऊन हळू आवाजात विचारलं,

"रशीदभाई, आमचं काय चुकलं का?"