आकडा लॅपटॉपमधी, जीव स्प्रिंगमधी

गाडीवाल्या दोस्तांनो, आज सकाळीच लोहाऱ्याच्या माह्या गॅरेजमधी प्रवीणचं अन् माहं वाजलं.

प्रवीण पांढरकवड्याचा. त्याच्या स्पोर्ट्स कारमधी वॉल्व्ह उघडणारा नवा कॅमशाफ्ट टाकाले मी इंजिन खोललं होतं. तं म्हणे, "ताई, कटऑफ साडेसात हजारावरून साडेआठवर ने. लॅपटॉपवर आकडाच तं बदलवाचा हाय. रविवारी रेस हाय माही." कटऑफ म्हंजे इंजिन मिनिटाले जास्तीत जास्त किती फेरे मारन, त्याची हद्द.

मी म्हटलं, "आकडा लॅपटॉपमधी हाय रे, पण वॉल्व्ह स्प्रिंगच बंद करते ना."

त्याले काही पटेना. मग त्याच्या इंजिनची जुनी स्प्रिंग अन् एक नवी कडक स्प्रिंग व्हाइसच्या शिकंज्यात एकीले एक लावून ठेवली, अन् शिकंजा आवळाचा दांडा त्यालेच फिरवाले लावला. जुनी पार दबून गेली. नवी जराशीच.

इंजिन जास्त फिरलं का अशी नरम स्प्रिंग वॉल्व्हले वेळेवर मागं घेत नाही. पिस्टन त्याच्यावर येऊन आदळते, अन् इंजिन खलास.

म्हणून आधी स्प्रिंगा, मंग पिस्टनच्या रॉडचे बोल्ट, मंग ऑइलचं प्रेशर. कटऑफ त्याच्यानंतर, तोही थोडा थोडा. रविवारची रेस गेली तं गेली.

जाताना प्रवीणनं ती जुनी स्प्रिंग खिशात घातली.

तुम्ही कटऑफ वाढवला असन. स्प्रिंग कोणती हाय, पाह्यलं काय?