तीन वेळा 'न्हाय'

इंदापुरातील आमच्या घरी पाच वेळची नमाज कधी चुकली नाही. वडील मशिदीत बांग देत. त्यांच्याच अनुमतीने मी शास्त्रीबुवांकडे संस्कृतही शिकलो. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षे. मुलींविषयी मला ओढ नाही, भिगवणचा मामेभाऊ युसुफ आला की मात्र दिवस उजळतो, हे सोळाव्या वर्षीच उमगले होते. अरबी दुआंत किंवा संस्कृत श्लोकांत या अवस्थेसाठी मला शब्द सापडला नाही. ज्याने घडवले त्याच्यापुढे उभे राहण्यास मी पात्र आहे का, ही शंका कपाळ जमिनीला टेकताना, प्रत्येक सिजद्यात सोबत असे.

विसाव्या वर्षी युसुफच्याच बहिणीशी, जैनबशी, माझा निकाह ठरला. नकार देण्याचे धैर्य नव्हते. होकाराने एका निष्पाप मुलीचे आयुष्य कोमेजणार, हेही दिसत होते. निकाहाच्या सकाळी भिगवणच्या मशिदीत मी एवढेच मागितले, की 'कबूल' म्हणण्याचे बळ दे.

आमच्यात आधी वधूची संमती घेतात. तिच्या वतीने एक वडीलधारा साक्षीदारांसह आत जाऊन विचारतो. मुलगी लाजून गप्प राहिली तरी होकार मानतात. जैनबचे वृद्ध चाचा आत गेले आणि गोंधळून परतले.

"न्हाय म्हणती."

"चाचा, तुमाला ऐकू कुठं येतंय? परत जावा," कोणी म्हणाले. मांडवात हशा पिकला. ते पुन्हा गेले, पुन्हा तेच सांगत आले. तिसऱ्या वेळी पडद्याआडून तिचाच आवाज आला, "कबूल तीनदा लागतं, तर न्हाय बी तीनदा म्हणलं. आता चाचांना दमवू नका."

हशा थांबला. मामूंनी, तिच्या वडिलांनी, मान खाली घातली. सारा बोल तिलाच लागला; मला कोणी काही विचारले नाही.

पुढे ईदला मामूंकडे गेलो, तेव्हा मी तिला कारण विचारले. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तुमी युसुफभाईकडं बघता तसं माझ्याकडं कवाच बघणार न्हाय. त्यात तुमचा गुन्हा न्हाय. पर मला बी एकच जन्म हाय की."

मला ओळखूनही कोणी दूर लोटले नाही, असे आयुष्यात प्रथमच घडले. तिने ते कोणालाही सांगितले नाही. पुढे तिचा निकाह झाला आणि डाळज गावी संसार सुखाचा झाला. मी अविवाहित राहिलो. मी असत्यासाठी बळ मागितले होते आणि ते मला दिले गेले नाही, ही कृपा उमगण्यास फार वर्षे लागली. आता दुआ करताना मी काही मागत नाही. केवळ हात उघडे धरतो.