एका बाईंच्या दोन शोकसभा

मालिनीबाई गेल्याचं मला म्हापशाच्या बसस्टँडवर कळलं. सांगणारा आमच्याच गणित मंडळातला जुना शिक्षक. बातमी देऊन त्याच दमात तो म्हणाला, "शोकसभा दोन आसात. मराठीवाल्यांची पेडण्यांत, कोंकणीवाल्यांची पणजी. तुमी खंयचे सभेक येतले?" तोंडावर आलेलं उत्तर इथे छापता येणार नाही.

मी दोन्हीकडे गेलो. दोन्हीकडे तोच हार, तीच समई, आणि बाई आपल्याच बाजूच्या कशा होत्या याचे दाखले. दोन्हीकडे कोणीही भागाकाराचं नाव काढलं नाही. बाईंचं अर्धं आयुष्य भागाकारात गेलं होतं.

बाई पार्सेच्या शाळेत शिकवायच्या, मी डिचोलीला. आमची मुलं बाकी विषयांत तरायची आणि दहावीला गणितात आपटायची. गणित गेलं की शाळा सुटली... मुलगा खाणीच्या ट्रकवर क्लीनर, मुलगी काजूच्या बागेत. आम्ही म्हणायचो, पोरंच ढ. बाई भडकायच्या. "भुरगीं ढ नात रे सदा. आमी एकामेकाचे वर्ग पळोवंक भियेतांव." एकमेकांचे वर्ग पाहायची ती भीती मोडायला, त्या रागातून मंडळ निघालं. दर महिन्याच्या एका शनिवारी वेगळ्या गावची शाळा. धडा घ्यायचा तो त्या शाळेतल्या सगळ्यांत नवख्या शिक्षकाने. बाकीच्यांनी मागच्या बाकांवर बसायचं आणि शिकवणाऱ्याकडे नव्हे, मुलांच्या तोंडाकडे पाहायचं. कोणती मुलगी कुठल्या पायरीला अडली, तेवढंच नंतर बोलायचं. शिक्षक कसा होता यावर अवाक्षर नाही. बाई स्वतः अध्यक्षाच्या खुर्चीवर कधी बसल्या नाहीत, आणि भाषण तर त्यांना पोटदुखीसारखं वाटायचं. पण लाजणारे, फळ्याला चिकटून बोलणारे कितीतरी मास्तर त्यांनी असे पुढे आणले की ते पुढे आपापल्या गावात मंडळ चालवू लागले. लांबच्या शिक्षकांना आणायला एका खाणीच्या कचेरीकडून त्यांनी जीप मिळवली. शिक्षण खात्याचा पणजीचा साहेब म्हणाला, परिपत्रक काढतो. बाई म्हणाल्या, "सायबा, परिपत्रकान भागाकार येना. तुमी येयात, फाटल्या बांकार बसात." साहेब आला, चक्क मागच्या बाकावर बसला, आणि पाव नि पातळ भाजी खाऊन गेला.

पार्सेच्या वर्गात त्यांनी सुताराकडून माटोळीची चौकट करून टांगली होती. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर फळं बांधायची ती आडव्या-उभ्या दांड्यांची जाळी, आमच्याकडे घराघरांत असते. इथे ती बारमाही. येताना प्रत्येक शिक्षकाने आपल्या गावची एक वस्तू आणायची. पार्सेचा नारळ, माझा डिचोलीचा नीरफणस, केरीच्या आंतोन मास्तराची वाळलेली शिंपल्यांची माळ. जनेलापासून, म्हणजे खिडकीपासून, कितवा दांडा, दारापासून कितवा, एवढं सांगून मुलं वस्तू बांधायची. आलेखाचा कागद हातात येण्याआधी आलेख त्यांच्या डोक्यावर लोंबत असे.

मग गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, हा वाद आला. एका ताटात जेवणारे लोक मंडळाची नोटीस कोणत्या भाषेत काढायची यावरून भांडले. आंतोन, ज्याचा वर्ग सगळ्यांत देखणा, तो उठला आणि म्हणाला, कोंकणीत नसेल तर मी येणार नाही. पलीकडून चार जण उठले, मराठीत नसेल तर आम्ही नाही. बाई म्हणाल्या, "ज्या गांवचीं भुरगीं, ते गांवची भास. कागद जाय तर दोनूय भाशेंनी काडया." झालं! कोंकणीवाल्यांनी त्यांना मराठीची हस्तक ठरवलं, मराठीवाल्यांनी फितूर. मागचे बाक रिकामे झाले. गोवा घटक राज्य झालं, पेढे वाटले गेले, मंडळ मात्र परत आलं नाही. भाषेसाठी लोकांनी रस्ते अडवले. गणितात नापास होणाऱ्या पोरांसाठी कोणी एक सायकलसुद्धा अडवली नाही. आम्हा उरलेल्या चार-पाच जणांना घेऊन बाई शेवटच्या आजारापर्यंत तो शनिवार पाळत राहिल्या.

पणजीच्या सभेत आंतोन शेवटच्या रांगेत होता. बोलायला बोलावलं तर उठला नाही. डिचोलीला न परतता मी बाईंचा वर्ग पाहायला पार्सेला बसमधून उतरलो, तर केरीला जायचं सोडून तोही मागून उतरला. कित्येक वर्षं आम्ही बोललो नव्हतो.

वर्गात वर पाहिलं तर चौकट नाही. नवे हेडमास्तर नम्रपणे म्हणाले, "शाळेला एक प्रकारचं सुतकच ना. सुतकात माटोळी बांधत नाहीत, म्हणून माळ्यावर काढून ठेवली." "इथे गणपती कधी बसला होता?" मी विचारलं. बाईंच्या नावाने बाईंचंच काम माळ्यावर टाकणारे हे लोक... आणि दुष्टही नव्हेत, याचा तर जास्त राग.

मी माळ्यावरून चौकट ओढून काढली. लांबलचक, एकट्याला पेलेना. एक टोक उचललं की दुसरं जमिनीवर आपटायचं. आंतोनने न विचारता दुसरं टोक धरलं. छताच्या जुन्याच आकड्यांना आम्ही ती टांगली. मी त्याला माफ केलेलं नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.

हात झटकत त्याने विचारलं, "फुडलो शनिवार खंय?"

"हांगाच," पायाखालच्या जमिनीकडे बोट दाखवत मी म्हणालो. "फाटल्या बांकार बस."