पांजरपोळातली बाईसा

"सुई लावायची न्हाई, डॉक्टर. बिलकुल न्हाई!"

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. शेटजींनी उपरण्यात गुंडाळलेलं मांजर माझ्या टेबलावर ठेवलं होतं आणि उपरण्याचं टोक घट्ट मुठीत धरलं होतं.

निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे. जालन्याच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात मी असिस्टंट होतो. शेटजी कापसाचे आडते आणि गावच्या पांजरपोळाचे अध्यक्ष. म्हातारी, लंगडी, कुणाला नकोशी झालेली जनावरं मरेपर्यंत सांभाळायची जागा म्हणजे पांजरपोळ. तिथल्या गाईबैलांना तपासणं माझ्या ड्यूटीतच होतं. मांजर मात्र तिथं कधी आलं नव्हतं.

"झालं काय?"

"काट्यावरचं पाच शेराचं वजन सुटलं. माझ्याच हातातून. ही खाली झोपल्ती."

मी चिमट्यानं तिच्या मागच्या पायाचं बोट दाबलं. पाय जरासा आखडला, पण मांजरीनं वळून बघितलं नाही. पाय आखडणं फसवं असतं. दुखलं हे डोक्यापर्यंत पोचलं, तर जनावर वळून चावायला येतं. हिचा निरोप वाटेतच, मणक्याशी अडकत होता. पोटाखाली हात घातला तर लघवीची पिशवी लिंबाएवढी टणक लागली.

"शेटजी, मागचं धड गेलंय. लघवीसुद्धा आपली आपण होणार नाही. दिवसातून तीनदा पोट दाबून काढावी लागेल. एक दिवस राहिली तरी खेळ खलास. क्लोरोफॉर्म दिला तर सुखानं सुटेल."

"एकदा हातून घात झाला," शेटजी म्हणाले, "आता तुमच्या हातून पुरा करू?"

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. मांजरीची रवानगी पांजरपोळाच्या कडब्याच्या खोलीत झाली. माझा अटेंडंट खाजामियाँ तिला बेगम म्हणायचा, कारण जागचं न हलता ती सगळ्यांना कामाला लावायची. शेटजी तिला मारवाडी मानानं बाईसा म्हणायचे. मी पेशंट म्हणायचो, आणि जाता-येता तिच्या कानामागं खाजवायचो.

खरी पंचाईत खाण्याची झाली. पांजरपोळात मांसमच्छी फाटकाच्या आत येऊ द्यायची नाही, असा कडक नियम. दूधभातावर बाईसाचं पोट बिघडलं, बरगड्या मोजता येऊ लागल्या.

"हिला मांस लागेल, शेटजी. नाहीतर जाईल."

"नियम मीच केलेला हाय, डॉक्टर." एवढं बोलून ते निघून गेले. त्यांचा इतका उतरलेला चेहरा मी कापसाचा बाजार कोसळला तेव्हाही बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी खाजामियाँनं घरून यखनी आणली, म्हणजे मटणाचं पातळ सार. मी ती मिक्श्चरच्या बाटलीत भरली आणि वर आमचं लेबल चिकटवलं. बाईसा चाटून चाटून प्यायली. तेवढ्यात शेटजी दारात. वास आल्याबरोबर त्यांनी उपरणं नाकाला लावलं. मी काहीतरी सांगायला लागलो.

"डॉक्टर, दवाईत काय असतं ते मी तुम्हाला कधी विचारलं का?"

"नाही."

"मंग कशाला सांगून राह्यले?"

आता गाडं रुळावर आलं म्हणेपर्यंत शहागडकडं बुळकांडी सुटली. हा गुरांचा जीवघेणा साथीचा रोग. इन्स्पेक्टरसाहेबांनी बोलावून घेतलं.

"कल सुबह कँप को निकलो. खाजामियाँ को साथ लेव."

"साहेब, एक पेशंट आहे. दोन दिवस दिले तर..."

"कौनसा जानवर?"

"बिल्ली."

साहेबांनी चष्मा काढला. "सरकार ने तुमको बैलों के वास्ते रखा है, मियाँ."

बरोबरच होतं त्यांचं. गोदाकाठी लोकांची गुरं पटापट मरत होती. पण आम्ही दोघं गेलो, तर बाईसाची पिशवी कोण रिकामी करणार? पांजरपोळाचे गडी बैलाच्या शिंगाला भीत नसत, पण या कामाला हात लावेनात. शेवटी शेटजींनाच बसवलं.

"फोडीन मी, डॉक्टर!"

"कापूस चिमटीत धरून पारखता ना? तेवढ्याच हातानं. हळू, पण सोडायचं नाही."

त्यांनी पोटाखाली हात घातला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा त्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर धार लागली, आणि शेटजी लहान पोरासारखे ओरडले, "झाली! बाईसाला झाली!" यखनीची बाटली खाजामियाँच्या घरून येईल अशी सोय लावून आम्ही निघालो.

कँपवर दिवसभर गुरं टोचायची, आणि मनात हे मांजर. मला स्वतःचाच राग यायचा. महिन्याभरानं परतलो तो घरी न जाता तडक पांजरपोळ गाठला. दारात क्षणभर थबकलो, हे कबूल करतो.

शेटजी कडब्यावर मांडी घालून बसले होते. बाईसा अंगानं भरली होती, केस चकचकीत. पुढच्या दोन पायांवर ती मागचं धड ओढत खोलीभर फिरत होती.

"चालते, डॉक्टर! म्हंजे... चालल्यासारखंच की!"

मी तिला हात लावणार, एवढ्यात कडब्यात खसपस झाली. बाईसा सपाट झाली. पुढच्या पंजांवर तिनं अशी झेप घेतली, की मागचं धड जणू विसरूनच गेली. वळली तेव्हा तोंडात उंदीर होता.

"पकडला! डॉक्टर, पकडला! अरे शाब्बास, माझी बाई!" शेटजी टाळ्या पिटत उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही.

मग त्यांचा हात हवेतच थांबला. उंदराकडं बघून ते मटकन खाली बसले.

दुसऱ्या दिवशी शेटजींनी कडक उपास केला, पाणीसुद्धा घेतलं नाही. तशाच उपाशीपोटी तिन्ही वेळा येऊन बाईसाची पिशवी मात्र रिकामी करून गेले. उपास पकडल्या गेलेल्या उंदरासाठी होता, की स्वतः पिटलेल्या टाळ्यांसाठी, हे मी विचारलं नाही.

मागचे पाय काही आले नाहीत. बाईसा पुढं बरीच वर्षं जगली. माझ्या धंद्यातली मंडळी विचारतात, यात औषध कोणतं लागू पडलं? मी म्हणतो, पेशंट मरणार हे सांगायची घाई करू नये, आणि तो वाचला तर का वाचला याची फार चौकशी करू नये.